सीईटीच्या गणिती शब्दांची स्पायरल वही : १४० रुपये वसूल होतात का?

दापोलीला एसटी स्टँडजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात ही वही मिळते. तिला पुस्तक म्हणवत नाही, कारण प्रकाशक, आवृत्ती, संकलकाचं नाव यातलं काहीच तिच्यावर नाही. ए-फोर कागद अर्धा करून काढलेली ६४ पानं, वर पारदर्शक प्लॅस्टिक, खाली निळा पुठ्ठा, कडेला स्पायरल. मुखपृष्ठावर ‘सीईटी गणित शब्दसंग्रह, मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी’ असं लिहिलंय आणि खाली रँग्लर परांजप्यांचा काळपट फोटो आहे. झेरॉक्सची झेरॉक्स झाल्यामुळे मिशा तेवढ्या ओळखू येतात. परांजपे आंजर्ल्याजवळच्या मुर्डीचे, १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, आलेले पहिले भारतीय, त्यामुळे आमच्या तालुक्यात गणिताचं काहीही छापायचं झालं की त्यांचा फोटो लागतोच. किंमत १४० रुपये. दुकानदार घासाघीस करत नाही, मी करून पाहिली.

मी हर्णैला ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र चालवते. सातबारा, पॅनकार्ड, बोटींच्या डिझेल परताव्याचे कागद, आणि हंगाम आला की सीईटीचे, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग-शेतकीच्या प्रवेश परीक्षेचे, फॉर्म. लग्नाआधी गणित घेऊन बीएस्सी केलं होतं. त्यामुळे फॉर्म भरायला आलेली पोरं खुर्ची सोडत नाहीत, शंका विचारत बसतात आणि मागे सातबाऱ्यासाठी उभा असलेला माणूस चरफडत राहतो. ही वही मी विकत नाही, मला तिच्यात कमिशन नाही आणि तो दुकानदार माझा कोणी लागत नाही. आपल्याकडे हे आधी सांगितलेलं बरं.

आता ही वही लागते कोणाला, ते बघू. दहावीपर्यंत ज्यांचं गणित मराठीत झालं आणि अकरावीला सायन्स घेतल्याबरोबर सगळं इंग्रजीत सुरू झालं, त्यांना. सेमी इंग्रजीवाल्यांना फारशी गरज नाही, पण गावातल्या सगळ्या शाळांत सेमी नसतं. सीईटीच्या फॉर्मवर माध्यमाचा रकाना येतो, तिथे पोरगं ‘मराठी’ म्हणतं, मी मराठी निवडते आणि मग त्याला सांगावं लागतं की बाबा रे, हे फिजिक्स-केमिस्ट्रीपुरतं. गणिताचा पेपर इंग्रजीतच येतो. निम्म्यांना हे माझ्या खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदा कळतं. त्यातही गंमत अशी की दिल्लीहून येणारी देशभरच्या इंजिनिअरिंग प्रवेशाची जेईई मेन १३ भाषांत होते, तिच्यात गणितसुद्धा मराठीतून सोडवता येतं, आणि आपल्या राज्याच्या परीक्षेत नाही. कोणाला विचारणार?

पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपचा हिशोब असा : फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, वेळ ९० मिनिटं. म्हणजे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अकरावीचा भाग सुमारे २० टक्के, बाकी बारावीचा. ज्यांना दापोलीच्याच कृषी विद्यापीठात बीएस्सी ॲग्री करायचंय, त्यातले बरेच जण पीसीबी (गणिताऐवजी बायॉलॉजी) घेऊन गणितातून सुटका करून घेतात. लोणेऱ्याला किंवा कुठेही इंजिनिअरिंगला जायचं असेल, तर मात्र गणिताला पर्याय नाही.

वहीची मांडणी सोपी आहे. डावीकडे इंग्रजी शब्द, शेजारी देवनागरीत उच्चार, मग मराठी शब्द आणि उजवीकडे एक छोटी आकृती किंवा उदाहरण. सुरुवात संख्यांपासून. परिमेय, अपरिमेय, करणी, सहमूळ वगैरे. ही पानं मी भराभर उलटली आणि पोरंही उलटतात, कारण रॅशनल आणि इर्रॅशनल एव्हाना सगळ्यांना माहीत असतं. फक्त प्राइम नंबरच्या उदाहरणांत १ छापलाय तो पेनानं खोडून टाका. १ मूळ संख्या नाही, संयुक्तही नाही.

भूमितीत आल्यावर वहीचा सूर बदलतो. हा भाग ज्यानं केलाय त्याने वर्गात खडू झिजवलाय, हे पहिल्या पानावरच कळतं. पान २३ घ्या. एकच त्रिकोण चार वेळा काढलाय. पहिल्यात मध्यगा, दुसऱ्यात शिरोलंब, तिसऱ्यात कोनदुभाजक, चौथ्यात बाजूंचे लंबदुभाजक. तीन रेषा जिथे मिळतात तिथे ठसठशीत टिंब आणि टिंबाशेजारी नाव : सेंट्रॉइड, ऑर्थोसेंटर, इनसेंटर, सर्कमसेंटर. खाली मराठी : मध्यगासंपात, शिरोलंबसंपात, अंतर्मध्य, परिमध्य. मला सगळ्यात पटलं ते हे की त्रिकोण तिरका, विषमभुज घेतलाय. फळ्यावर शिक्षक हौसेनं सुबक समभुज त्रिकोण काढतात, त्याच्यात ही चारही टिंबं एकाच जागी येऊन बसतात आणि पोराला वाटतं, एकाच बिंदूची चार नावं आहेत. इथे चार टिंबं चार ठिकाणी दिसतात. सेंट्रॉइडच्या आकृतीत मध्यगेवर शिरोबिंदूकडून २ आणि पायाकडून १ असे भागही दाखवलेत.

पण त्या चारही आकृत्या लघुकोन त्रिकोणाच्या आहेत. विशालकोन त्रिकोणात ऑर्थोसेंटर आणि सर्कमसेंटर दोन्ही त्रिकोणाच्या बाहेर जातात, त्याची एक तरी आकृती हवी होती. पाजपंढरीच्या एका मुलीनं गणित करताना बिंदू बाहेर आला म्हणून बरोबर उत्तर खोडलं होतं, माझ्यासमोर. आणि काटकोन त्रिकोणाचं तर सांगायलाच हवं, कारण तिथे फुकटचे गुण असतात. शिरोबिंदू समजा शून्य-शून्य, सहा-शून्य आणि शून्य-आठ दिलेत. काटकोन आरंभबिंदूशी आहे हे नजरेनं दिसलं की ऑर्थोसेंटर तिथेच. सर्कमसेंटर हायपॉटेन्यूजच्या मध्यावर, म्हणजे तीन-चार. सर्कमरेडियस ५. कागदावर पेन टेकवायची गरज नाही. शब्दाचा अर्थ चित्रासकट डोक्यात असेल तर हे पंधरा सेकंदांचं काम आहे, नसेल तर पोरं दोन रेषांची समीकरणं मांडून सोडवत बसतात.

पान २६ वर ‘कर्ण’ आहे आणि ते पान पाहून मी दुकानातच वही घ्यायचं ठरवलं. मराठीत काटकोन त्रिकोणातही कर्ण आणि चौकोनातही कर्ण. इंग्रजीत एक हायपॉटेन्यूज आणि दुसरा डायगॉनल. मराठीतून आलेलं पोरगं चौकोनात हायपॉटेन्यूज शोधतं किंवा डायगॉनल म्हटलं की काटकोन आहेच असं धरून पायथागोरस लावून टाकतं. वहीत एक आयत काढलाय, त्यात एकच तिरकी रेघ. रेघेच्या वरच्या अंगाला ‘डायगॉनल ऑफ द रेक्टँगल’, खालच्या अंगाला ‘हायपॉटेन्यूज ऑफ द ट्रँगल’. बाजूला एक समांतरभुज चौकोन, त्यातल्या रेघेवर फक्त ‘डायगॉनल’, आणि खाली हातानं लिहिलेलं : ‘इथे पायथागोरस नाही.’ हस्ताक्षर वळणदार, जुन्या शिक्षकांचं असतं तसं. एवढं पान जरी प्रत्येक दहावीच्या वर्गात लावलं तरी चालेल.

उलटा घोळही आहे. मराठीत त्रिकोणाची मध्यगा वेगळी आणि संख्याशास्त्रातला मध्यक वेगळा, इंग्रजीत दोन्हींना मीडियनच म्हणतात. यासाठी वहीत ‘एक शब्द, अनेक कामं’ असं एक अख्खं पान आहे. डिग्री म्हणजे कोनाचे अंश, बहुपदीची कोटी, आणि डिफरन्शियल इक्वेशनचीही डिग्री, जिथे ऑर्डर आणि डिग्री दोन्ही विचारतात आणि निम्मा वर्ग त्यांची अदलाबदल करतो. बेस म्हणजे त्रिकोणाचा पाया, घातांकाचा पाया, लॉगचाही पाया. स्क्वेअर म्हणजे चौरस आणि वर्ग. टॅन्जंट म्हणजे वर्तुळाची स्पर्शिका आणि त्रिकोणमितीतला टॅन. ‘नॉर्मल’समोर ‘वक्रावरच्या बिंदूतून स्पर्शिकेला काढलेला लंब’ असं सरळ वाक्य दिलंय, हे उत्तम. नाहीतर नॉर्मल म्हणजे काय विचारलं की आंजर्ल्याचा एक मुलगा म्हणाला होता, “काकी, म्हणजे सिरियस नाही असा.” तो बरोबरच होता, फक्त दवाखान्यातल्या पेपरात.

आता जिथे वही आडवी येते ते सांगते. पान ३१. कॉम्प्लिमेंटरी अँगल्ससमोर ‘पूरक कोन’ छापलंय आणि सप्लिमेंटरीसमोर ‘कोटिकोन’. साफ उलटं. आपल्या शाळेच्या पुस्तकात बेरीज ९० अंश असेल तर कोटिकोन आणि १८० असेल तर पूरक कोन. मला खात्री आहे की हे भूमितीचा भाग लिहिणाऱ्यानं केलेलं नाही. टाइप करणाऱ्याला शंका आली असणार, त्यानं साधा शब्दकोश उघडला असणार, तिथे कॉम्प्लिमेंटरीला ‘पूरक’ मिळालं असणार. रोजच्या मराठीत ते बरोबरही आहे. वर सेटच्या धड्यातला कॉम्प्लिमेंट म्हणजे पूरक संचच, म्हणून घोळ आणखी घट्ट बसतो. पोरांना मी एकच खूण सांगते : कोसाइनमधला ‘को’ हा कॉम्प्लिमेंटचा. थीटाचा कोसाइन म्हणजे ९० वजा थीटाचा साइन. तेव्हा कॉम्प्लिमेंटरी म्हणजे ९०, कायम. पान ३१ वर बाण काढून दोन्ही शब्दांची अदलाबदल करून घ्या आणि मगच वही मुलाच्या हातात द्या.

रॉम्बसची आकृतीही फसवी आहे. चौरस कोपऱ्यावर उभा केलाय आणि खाली रॉम्बस लिहिलंय. चौरस हा रॉम्बस असतो हे खरं, पण ज्यानं शब्द पहिल्यांदा वाचलाय त्याला वाटणार की चौरस तिरका ठेवला की त्याचा रॉम्बस होतो. पत्त्यातली चौकट काढली असती तरी काम भागलं असतं. स्लोपला ‘उतार’ दिलंय. शाळेच्या पुस्तकात ‘चढ’ आहे आणि तोच बरा, कारण डावीकडून उजवीकडे जाताना रेषा चढत असेल तर धन, उतरत असेल तर ऋण, एवढं त्यातून आपोआप कळतं. ही माझी खुसपटं आहेत, यासाठी वही नाकारू नका.

त्रिकोणमितीच्या पानावर एका कोपऱ्यात चौकट आहे : आपली संस्कृतातली ‘ज्या’ (म्हणजे जीवा) अरबीत ‘जिबा’ झाली, तिथे ती ‘जैब’ अशी वाचली गेली, लॅटिनमध्ये तिचं ‘सायनस’ झालं आणि तिथून साइन. मला वाचायला आवडलं. परीक्षेला उपयोग शून्य.

लॉजिकच्या पानावर कन्व्हर्स, इन्व्हर्स आणि काँट्रापॉझिटिव्ह आहेत. कन्व्हर्स म्हणजे व्यत्यास, आणि पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास दहावीला झालेला असतो, ही जोड वहीत दिलीय ते चांगलं. पण उदाहरण तेच ते, पाऊस पडला तर जमीन ओली. माझ्या इथल्या पोरांना मी दुसरं देते. ‘वादळाचा बावटा लागला तर होड्या बाहेर जात नाहीत.’ याचा कन्व्हर्स : होड्या बाहेर गेल्या नाहीत तर बावटा लागलाय. खोटं, कारण जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, बावटा असो नसो होड्या किनाऱ्यावर असतात. इन्व्हर्स : बावटा नसेल तर होड्या बाहेर जातात. तेही त्याच कारणानं खोटं. काँट्रापॉझिटिव्ह : होड्या बाहेर गेल्या म्हणजे बावटा नव्हता. मूळ वाक्य खरं असेल तर हे खरंच असणार. बंदरावर वाढलेल्या पोराला हे पुन्हा सांगावं लागत नाही. यावर एका मुलानं “काही जण बावटा लागला तरी जातात” असं ऐकवलं. मी म्हटलं, मग तुझं मूळ वाक्यच खोटं पडलं, पुढचं बघायलाच नको. तोही धडा झाला.

कॅल्क्युलसची आठ पानं वाया गेलीत. डिफरन्शिएशन म्हणजे अवकलन, इंटिग्रेशन म्हणजे समाकलन, लिमिट म्हणजे सीमा, अशी नुसती उतरंड. ही मराठी नावं या पोरांनी कधी ऐकलेलीच नाहीत, कारण तो भाग त्यांना अकरावी-बारावीत थेट इंग्रजीतच भेटतो. माहीत नसलेल्या शब्दाला माहीत नसलेला शब्द देऊन काय मिळालं? तिथे भूमितीसारख्या आकृत्या हव्या होत्या : इन्क्रीजिंग फंक्शन कसं दिसतं, लोकल मॅक्सिमम कुठे असतो, ‘एरिया बाउंडेड बाय’ म्हणजे नेमका कुठला भाग रंगवायचा. सीईटीचा मोठा हिस्सा बारावीचा, आणि बारावीतच वही थकते.

आता शेवटचा भाग, ज्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं. पान ५९ आणि ६०. शीर्षक ‘प्रश्नाची भाषा’. फक्त दोन पानं, तीही शेवटी, जणू जागा उरली म्हणून घातलेली. माझ्या मते वहीतला सगळ्यात मोलाचा ऐवज हाच.

कारण असं की वस्तूंची नावं पोरांना येतात. ट्रँगल, सर्कल, रेडियस, कॉर्ड हे शब्द अकरावीच्या दिवाळीपर्यंत कानावर पडून पडून बसतात. अडतं ते क्रियापदांवर आणि बारक्या शब्दांवर, ज्यांना कोणी गणिताचा शब्द समजत नाही आणि म्हणून कोणी शिकवतही नाही. ॲट मोस्ट. ॲट लीस्ट. रिस्पेक्टिव्हली. डिस्टिंक्ट. कॉन्सिक्युटिव्ह. सबटेंड्स. इफ अँड ओन्ली इफ. विच ऑफ द फॉलोइंग इज नॉट. इंग्रजीच्या तासाला हे गणिताचं म्हणून सोडतात, गणिताच्या तासाला इंग्रजीचं म्हणून.

एक उदाहरण करून दाखवते. नाणं पाच वेळा उडवलं, ‘ॲट मोस्ट टू हेड्स’ची प्रॉबॅबिलिटी काढा. ॲट मोस्ट म्हणजे जास्तीत जास्त, म्हणजे शून्य, एक किंवा दोन छापे. एकूण ३२ शक्यता, त्यातल्या १ अधिक ५ अधिक १०, म्हणजे १६. उत्तर एक छेद दोन. ज्यानं ‘मोस्ट’ वाचून ‘दोन किंवा जास्त’ धरलं, त्याचं उत्तर येईल २६ छेद ३२, म्हणजे १३ छेद १६. आणि पर्यायांत १३ छेद १६ असणार, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे. पेपर काढणाऱ्याला ठाऊक असतं पोरं कुठे घसरतात. म्हणून चुकीचं वाचणाऱ्याला आपलं चुकलंय असा संशयसुद्धा येत नाही, त्याचं उत्तर समोर छापलेलं असतं. तो खुशीत बाहेर पडतो आणि पर्सेंटाइल आल्यावर घरच्यांना सांगतो, पेपर तर सोपा होता.

‘सबटेंड’ला वहीत मराठी शब्द दिलेला नाही, वर्तुळ दिलंय. जीवेच्या दोन्ही टोकांपासून केंद्रापर्यंत रेषा, मधला कोन रेघारेघांनी भरलेला. तीच जीवा, आता रेषा वर्तुळावरच्या एका बिंदूपर्यंत, तिथला कोन निम्मा. शेजारी दोन इंग्रजी वाक्यं, ‘ॲट द सेंटर’ आणि ‘ॲट द सर्कमफरन्स’. बस. ज्यानं हे केलं त्याला कळलंय की काही शब्दांना मराठी प्रतिशब्द द्यायचा नसतो, चित्र द्यायचं असतं. ‘फूट ऑफ द पर्पेंडिक्युलर’लाही तसंच : रेषेबाहेरचा बिंदू, तिथून टाकलेला लंब आणि लंब रेषेला टेकतो तिथे बाण. हा शब्दप्रयोग व्हेक्टर्स आणि थ्रीडीत सतत येतो, आणि “फूट म्हणजे इंचात करायचं का?” हा प्रश्न मला खरंच विचारला गेलाय. हसले नाही. पोराचे वडील गवंडी आहेत, घरात फूट म्हणजे फूटच.

या दोन पानांची दहा पानं करा, असं मी दुकानदाराला सांगून आले. ‘डिव्हाइड्स इंटर्नली’ आणि ‘एक्स्टर्नली’ हवं. ‘ईक्वल इंटरसेप्ट्स ऑन द ॲक्सिस’ हवं. ‘पासिंग थ्रू’ आणि ‘टचिंग’ यांतला फरक हवा. ‘नॉट मोअर दॅन’ आणि ‘लेस दॅन’ यांत एका आकड्याचा फरक पडतो तो हवा. तो म्हणाला, “मॅडम, मी झेरॉक्स काढतो, सर लिहितात.” सर कोण, ते त्याने सांगितलं नाही. खेडकडचे निवृत्त शिक्षक आहेत एवढंच.

बाकी गोष्टी पटकन सांगते. मागच्या पानावर क्यूआर कोड आहे, स्कॅन केला की उच्चार ऐकू येतात. उच्चार ठीक आहेत, पण मागे झेरॉक्स मशीनचा खडखडाट चालू असतो आणि एकदा मध्येच कोणीतरी “दोन्ही बाजूंनी काढू?” असं विचारतं. त्याची तशी गरजही नाही, परीक्षा वाचायची आहे, बोलायची नाही. अक्षर मोठं आहे. सूची नाही, त्यामुळे अडलेला शब्द शोधायचा तर पानं चाळत बसा. निदान इंग्रजी वर्णक्रमानं दोन पानांची यादी जोडायला काय हरकत होती?

बांधणीबद्दल मात्र नीट ऐका, समुद्राकाठी राहत असाल तर विशेष. वही दोन प्रकारांत मिळते, तारेच्या स्पायरलची आणि प्लॅस्टिकच्या. तारेची दिसायला नेटकी, पण खाऱ्या हवेत तार पहिल्याच पावसाळ्यात गंजते. माझ्या काउंटरवरच्या प्रतीत प्रत्येक पानाच्या भोकांभोवती तांबूस कडी उमटलीत, पान उलटताना ती करकरतात आणि फाटतात. प्लॅस्टिकची घ्या, किंमत तीच आहे. कागद पातळ असल्यामुळे सादळतो आणि शाईच्या पेनानं लिहिलं तर मागे उमटतं. पेन्सिल वापरा.

दुसरे पर्याय? भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश नेटवर फुकट बघायला मिळतात, शब्द अचूक आहेत, पण ते अभ्यासकांसाठी. बारावीच्या पोराला त्यात सोडलं तर तो हरवतो. ऑनलाइन क्लासची व्हिडिओ लेक्चरं चांगली असतात, मात्र शिकवणारा हिंदी-इंग्रजीत बोलतो आणि हे बारके शब्द सगळ्यांना येतातच असं धरून चालतो. मोबाइलवरचं भाषांतर तर विसराच. एकीनं ‘कॉर्ड’ टाकलं तर जीवेऐवजी दोरी आली, कारण इंग्रजीत दोन निराळ्या स्पेलिंगचे दोन शब्द आहेत. माझ्या नात्यातल्या एका कुटुंबानं शहरातल्या एका मोठ्या क्लासची फी कर्ज काढून भरली. तिथे पहिल्याच आठवड्यात पोराला सांगितलं गेलं की भाषेचं तुझं तू बघ, आम्ही सिलॅबस संपवतो. मग त्याच्या वडिलांनी दापोलीहून ही १४० रुपयांची वही पाठवून दिली.

वही नुसती वाचून उपयोग नाही, हेही खरं. पाजपंढरीच्या त्या मुलीची पद्धत मला सगळ्यात आवडली. ती मराठीचा रकाना पट्टीनं झाकत नाही, उलट इंग्रजी शब्द झाकते आणि आकृती पाहून शब्द लिहिते. जिथे वहीची आकृती नाही तिथे स्वतः काढते. तिच्या प्रतीत कॅल्क्युलसची आठ पानं आता आकृत्यांनी भरलीत आणि पान ३१ वर लाल बाण आहेत. दुकानदारानं पुढची प्रत तिच्या वहीवरून काढावी.

घ्यायची तर अकरावीच्या सुरुवातीला घ्या. बारावीच्या फेब्रुवारीत घेणार असाल तर भूमितीचा भाग, ‘एक शब्द, अनेक कामं’ आणि ५९-६० ही पानं तेवढी करा, बाकीला वेळ नाही. ती पानं सुटी मिळतील का, हे मी विचारून पाहिलं. झेरॉक्सचंच दुकान, दोन-दोन रुपयांत काढून द्यायला काय जातं! तर म्हणाला, “नाही, अख्खी घ्यावी लागेल.”